गाभ्याला हात न लावता

ओएसकॉमर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी इंटरनेटवर दुकान थाटलं, त्यांना नवी सोय जोडण्याची एक रीत नक्की आठवत असेल. समजा, दुकानात सवलतीच्या कुपनांची सोय हवी आहे. कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी ती लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली असायची. झिप फाइल उतरवून घ्यायची, तिच्यातली सूचनांची फाइल उघडायची आणि मग एकेक पायरी चढत जायची: अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, तिच्याखाली पुढच्या ओळी चिकटवा, आता दुसरी फाइल उघडा. अशा दहा-पंधरा फाइलींची चिरफाड झाली की कुपनं सुरू. पुढच्या आठवड्यात कुरियरच्या दरांची सोय हवी झाली, की तिच्या सूचनांतही लिहिलेलं असायचं ‘ही ओळ शोधा’. ती ओळ मात्र कुपनवाल्याने आधीच बदललेली असायची.

ओएसकॉमर्स मार्च २००० मध्ये जर्मनीत हारल्ड पोन्से दे लिओन यांनी सुरू केलं. कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं असा त्याचा परवाना होता. स्वतःचं ऑनलाइन दुकान म्हणजे मोठ्या कंपनीचं काम, असं समजलं जाण्याच्या त्या काळात हजारो छोट्या दुकानदारांना या सॉफ्टवेअरने दार उघडून दिलं. हजारो जोडसोयीही त्याच्याभोवती जमा झाल्या. पण त्या जोडायच्या तर मूळ प्रोग्रामच्या फाइलीच खरवडाव्या लागत. त्यामुळे सहा महिन्यांनी प्रत्येक दुकानाचं ओएसकॉमर्स वेगळं होई, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं. सुरक्षेतली एखादी फट बुजवणारी नवी आवृत्ती आली, तर ती चढवायची कशी? मूळ फाइलींवर नव्या फाइली टाकल्या की कुपनं गेली, कुरियरचे दर गेले, सगळं गेलं. मग बहुतेकांनी सोपा मार्ग धरला आणि काही चढवलंच नाही.

त्यातून जे व्हायचं तेच झालं. जुलै २०११ मध्ये ओएसकॉमर्सच्या जुन्या आवृत्त्यांतल्या फटी हेरून जगभरातल्या दुकानांत घातक कोड घुसवण्याची एक मोहीम चालली आणि लाखो पानांना त्याची लागण झाली. ज्या फटींतून तो कोड शिरला, त्या सगळ्याच काही नव्याने सापडलेल्या नव्हत्या.

ही जुनी कथा मुद्दाम सांगायचं कारण असं, की आजही दुकानासाठी सॉफ्टवेअर निवडणारा माणूस डेमो बघतो, सोयींची यादी ताडून बघतो, थीम किती देखणी आहे ते बघतो. हे सगळं पहिल्या दिवसाचं झालं. दुकान पाच-सात वर्षं चालायचं असेल तर त्या काळात त्याच्यावर शेकडो अपडेट चढणार आहेत. ते न धास्तावता चढवता येतील का, हा माझ्या मते पहिला प्रश्न आणि बाकीच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तरही त्यातच मिळतं.

ओपन सोर्सच्या जगात एखाद्या सॉफ्टवेअरचं असं अडलं, की कुणीतरी त्याची प्रत घेऊन वेगळी चूल मांडतं. परवानाच तशी मुभा देतो. ओएसकॉमर्समधून २००३ मध्ये झेन कार्ट निघालं. अमेरिकेतली व्हेरियन ही कंपनीही ग्राहकांना ओएसकॉमर्सवरच दुकानं बांधून देत होती. तिनेही आधी त्याचीच फांदी काढायचं ठरवलं होतं. पण पाया असाच राहिला तर वर काहीही बांधलं तरी तीच रड, हे ओळखून व्हेरियनच्या रॉय रुबिन आणि योव कुट्नर यांनी सगळं नव्याने लिहायला घेतलं. तेच मजेंटो. पहिली बीटा ऑगस्ट २००७ मध्ये, आवृत्ती १.० मार्च २००८ मध्ये. गाभ्याच्या फाइलींना न शिवता त्यांचं वागणं बदलता येईल, अशी रचना त्यात मुळापासून होती.

वूकॉमर्सचा जन्मही असाच. ब्रिटनमधल्या जिगोवॉट कंपनीने वर्डप्रेसवर चालणारं जिगोशॉप नावाचं दुकान-प्लगइन २०११ मध्ये आणलं. वर्डप्रेसच्या थीम विकणाऱ्या वूथीम्सला ते पसंत पडलं. कंपन्यांमधली बोलणी फिसकटली, तेव्हा वूथीम्सने जिगोशॉपच्या कोडची प्रत घेतली, त्यावर काम करणाऱ्या दोघा प्रोग्रामरना नोकरी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वूकॉमर्स बाहेर काढलं. कायद्याने त्यात काहीच गैर नव्हतं. जीपीएल परवान्याखाली दिलेला कोड असा नेता येतो. जिगोशॉपच्या लोकांना कसं वाटलं असेल, हा निराळा भाग. मे २०१५ मध्ये वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने वूथीम्स विकत घेतली. आज वूकॉमर्सभोवती मोठी बाजारपेठ आहे, जिगोशॉप इतिहासजमा झालंय.

वूकॉमर्सने वर्डप्रेसची ‘हुक’ची पद्धत उचलली. प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी खुंट्या ठोकून ठेवलेल्या असतात: ऑर्डर नोंदवल्यावर, किंमत दाखवण्याआधी, ईमेल पाठवताना. तुमचा कोड वेगळ्या फाइलीत राहतो आणि त्या खुंटीला अडकतो. मूळ प्लगइन बदललं तरी तुमची फाइल जागच्या जागी. ओएसकॉमर्सच्या काळातल्या माणसाला ही चैनच वाटली असती.

तरी यातूनही पळवाटा निघतात. वूकॉमर्समध्ये पानाची मांडणी बदलण्यासाठी त्याची टेम्प्लेट फाइल आपल्या थीममध्ये उतरवून घेऊन तिथे हवे ते बदल करता येतात. ते अधिकृत आहे आणि सर्रास चालतं. पण मूळ टेम्प्लेट पुढे सरकते, थीममधली प्रत तिथेच राहते. चेकआउटला एखादी नवी सुरक्षा-तपासणी आली तर या जुन्या प्रतीला तिचा पत्ताच नसतो. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर अशा शिळ्या टेम्प्लेट्सची यादी दिसते. दुसऱ्याकडून बांधून घेतलेलं दुकान ताब्यात घेताना पहिल्यांदा ते पान उघडावं. ही यादी लांबलचक असेल तर समजावं, बांधणाऱ्याने सुपूर्द केल्यानंतर इकडे कुणी फिरकलेलं नाही.

मजेंटोची पुढची कथा अधिक बोचरी आहे. २०११ मध्ये ते ईबेकडे गेलं, २०१५ मध्ये पर्मिरा या गुंतवणूक कंपनीकडे, आणि २०१८ मध्ये अडोबीने ते १६८ कोटी डॉलरना घेतलं. दरम्यान नोव्हेंबर २०१५ मध्ये मजेंटो २ आलं. नाव तेच, आतला कोड बहुतांशी नव्याने लिहिलेला. पहिल्या मजेंटोसाठी विकत घेतलेली एकही थीम, एकही एक्स्टेन्शन दुसऱ्यावर चालेना. माल, ग्राहक, ऑर्डर एवढा डेटा नेता येई. बाकी दुकान नव्याने बांधायचं. जुन्या मजेंटोचा आधार आधी २०१८ मध्ये थांबणार होता, तो लांबवून ३० जून २०२० केला गेला. त्या तारखेलाही असंख्य दुकानं जुन्यावरच होती. बरोबर अडीच महिन्यांनी, सप्टेंबर २०२० मधल्या एका शनिवार-रविवारात सुमारे दोन हजार दुकानांच्या चेकआउटमध्ये कार्डाचे आकडे चोरणारा कोड घुसवला गेला. त्यातली बहुतेक मजेंटो १ वर होती. मजेंटो १ मधली अशी एक फट चोरबाजारात आधीच ५,००० डॉलरना विकायला ठेवलेली होती आणि अधिकृत पॅच तर आता येणारच नव्हता.

इथे ओपन सोर्स असण्याचा एक फायदा मात्र दिसला. काही स्वयंसेवक आणि कंपन्यांनी मजेंटो १ चा कोड घेऊन ‘ओपनमेज’ नावाने त्याची देखभाल पुढे चालू ठेवली. अडोबीच्या हाती सगळं एकवटायला नको म्हणून मजेंटो २ ची ‘मेज-ओएस’ ही वेगळी चूलही मांडली गेली. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीने हात झटकले तर ग्राहकाकडे एवढाही रस्ता उरत नाही. अर्थात या रस्त्याने जायला जाणकार माणूस लागतो, आणि तो बाळगणं फुलांचे हार किंवा उदबत्त्या विकणाऱ्याला परवडेलच असं नाही.

तर मग निवडताना काय बघावं? सॉफ्टवेअरच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या आवृत्त्या तारखांसकट मोकळ्या पडलेल्या असतात, त्या वाचाव्यात. नव्या सोयींच्या घोषणांपेक्षा बारीक दुरुस्त्यांच्या आवृत्त्या किती नियमित येतात, ते जास्त बोलकं. जुन्या आवृत्तीवर राहिलेल्यांना सुरक्षेचे पॅच मिळतात का, हेही बघावं. जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्ये डेटाबेसपर्यंत पोचू देणारी गंभीर फट सापडली, तेव्हा त्यांनी एकट्या ताज्या आवृत्तीसाठी पॅच काढून हात धुतले नाहीत. फट असलेल्या नव्वदहून अधिक जुन्या आवृत्त्यांसाठी वेगवेगळे पॅच काढले आणि बऱ्याच दुकानांवर ते आपोआप चढवले. संकटाच्या दिवशी लोक कसे वागले, याची अशी नोंद सोयींच्या कुठल्याही यादीत सापडत नाही.

तिसरी गोष्ट पायाची. वूकॉमर्स, मजेंटो, प्रेस्टाशॉप, ओपनकार्ट हे सगळे पीएचपी या भाषेवर उभे आहेत आणि पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आयुष्य ठरलेलं आहे: दोन वर्षं पूर्ण देखभाल, आणखी दोन वर्षं फक्त सुरक्षा. दुकानाचं सॉफ्टवेअर नव्या पीएचपीवर चालायला किती उशीर लावतं, यावरून त्याची तब्येत कळते. ओएसकॉमर्सच्या जुन्या आवृत्त्या ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाच्या एका ढिल्या सवयीवर उभ्या होत्या. पीएचपीने ती सवय २००२ मध्येच बंद करून ठेवली होती आणि २०१२ मध्ये मुळासकट काढून टाकली. ज्यांची दुकानं तिच्यावर टेकली होती, त्यांना जुनं पीएचपी देणारा होस्ट शोधत फिरावं लागलं.

मालकी कुणाकडे, हेही एकदा बघावंच लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली. त्या भांडणात वर्डप्रेसच्या अधिकृत भांडाराची दारं डब्ल्यूपी इंजिनला बंद झाली आणि तिच्या ग्राहकांना नेहमीच्या मार्गाने प्लगइन अपडेट करता येईना. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीच्या एका लोकप्रिय प्लगइनचं भांडारातलं पानच दुसऱ्या नावाने चालू झालं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ही अडवणूक थांबवली. कोण बरोबर, कोण चूक यात इथे शिरायचं नाही. कोड मोकळा असला तरी अपडेट पोचवणारी वाट कुणाच्या तरी ताब्यात असते, एवढं या प्रकरणातून सगळ्यांना कळलं.

आपल्याकडच्या छोट्या दुकानासाठी माझं मत उघड सांगतो. शंभर-दोनशे जिनसा, दिवसाला पाच-पन्नास ऑर्डर, मराठी-इंग्रजी मजकूर, सोबत पाककृती किंवा लेख, असं असेल तर वूकॉमर्स पुरेसं आहे. सांगली-नाशिकपासून कुठेही ते येणारा माणूस सापडतो, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. फ्रान्समधून आलेलं प्रेस्टाशॉप फक्त दुकानापुरतं विचार करतं आणि ते काम नेटकं करतं. पण ते जाणणारी माणसं इथे कमी. मजेंटोच्या वाटेला हजारो जिनसा आणि पगारी प्रोग्रामर असल्याशिवाय जाऊ नये. नोएडाच्या वेबकुल कंपनीचं बगिस्टो लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीवर बांधलेलं आहे, परवाना एमआयटीचा. लाराव्हेल येणारी पोरं हाताशी असतील तर जरूर बघावं. आणि ज्यांचा खरा व्याप गोदाम, घाऊक विक्री, हिशेब यांत आहे, वेबसाइट त्या व्यापाचं एक टोक आहे, त्यांनी मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आधी बघावं. रुशभ मेहता यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हे सॉफ्टवेअर जीपीएलवर आहे आणि त्याला जोडून ‘वेबशॉप’ हे वेगळं ॲप मिळतं.

आणि काहींनी यातलं काहीच घेऊ नये. महिन्याला वीस डबे चकल्या विकणाऱ्या ताईंना व्हॉट्सॲपवरची यादी आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुरतो. त्यांच्या गळ्यात सर्व्हर मारणाऱ्याला देव सुबुद्धी देवो.

आता थोडं आपल्या मातीतल्या अडचणींबद्दल, कारण बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर नेमकं तिथे ठेचकाळतं. पहिली अडचण बिलाच्या क्रमांकाची. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला सलग अनुक्रमांक लागतो, तो सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. वूकॉमर्सचा ऑर्डर क्रमांक मात्र सलग नसतो. वर्डप्रेसमध्ये पान, फोटो, लेखाचा मसुदा आणि ऑर्डर या सगळ्यांना एकाच रांगेतला आकडा मिळतो. ऑर्डर ५१२ नंतर तुम्ही चार फोटो चढवलेत की पुढची ऑर्डर ५१७. पुढे ऑर्डरी वेगळ्या तक्त्यांत ठेवायची नवी पद्धत आली, ऑक्टोबर २०२३ पासून नव्या दुकानांत तीच आपसूक चालू असते. तरीही आकडा अजून त्याच रांगेतून येतो. म्हणून ऑर्डर क्रमांकालाच बिल क्रमांक समजून छापणारं दुकान सीएकडे गेलं की तिथे कपाळाला आठ्या पडतात. बिलाचा स्वतंत्र क्रम राखणारं प्लगइन पहिल्या विक्रीच्या आधी बसवावं, मागाहून जुनी बिलं जुळवणं फार किचकट.

सीजीएसटी-एसजीएसटीचं मात्र जमतं. वूकॉमर्सच्या करतक्त्यात एका प्राधान्यक्रमाचा एकच दर लागू होतो, म्हणून महाराष्ट्रासाठी दोन ओळी टाकायच्या आणि त्यांना १ आणि २ असे वेगळे प्राधान्यक्रम द्यायचे. इतर राज्यांसाठी आयजीएसटीची एक ओळ. किमती करासहित भरायच्या, कारण आपल्याकडे एमआरपीवर वरून कर लावायची सोय नाही. मालाची वर्गवारी सांगणाऱ्या एचएसएन कोडसाठी गाभ्यात रकाना नाही, तो प्लगइनने आणावा लागतो.

दुसरी अडचण यूपीआयची, आणि दुकानदाराची झोप उडवणारी तीच. गिऱ्हाईक चेकआउटवरून फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये जातं, पिन टाकतं, पैसे कटतात, आणि ते तिथूनच फोन खिशात टाकतं. ब्राउझर दुकानाकडे परतच येत नाही. दुकानाच्या लेखी ऑर्डर ‘पेमेंट बाकी’. वूकॉमर्स न भरलेल्या ऑर्डरीसाठी माल ठरावीक मिनिटं अडवून ठेवतं, मूळ सेटिंग ६० मिनिटांचं आहे. ती उलटली की ऑर्डर आपोआप रद्द. पैसे आले, ऑर्डर गेली, आणि संध्याकाळी फोन: ‘अहो, पैसे कापलेत तुम्ही.’ यावर उपाय वेबहुकचा. पेमेंट गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो की पैसे जमा झाले. गिऱ्हाइकाचा ब्राउझर मध्ये लागतच नाही. गेटवेच्या प्लगइनमध्ये ही सोय असते, पण ती बऱ्याचदा गेटवेच्या खात्यात जाऊन वेगळी चालू करावी लागते, आणि नेमकी ती पायरी राहते. कधी दुकानावरचं सुरक्षा-प्लगइनच हा निरोप परका समजून अडवतं. तपासायची रीत साधी आहे: दहा रुपयांची वस्तू करा, यूपीआयने पैसे भरा आणि परत न येता ब्राउझर बंद करून टाका. पाच मिनिटांत ऑर्डर ‘प्रक्रियेत’ दिसली पाहिजे. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ही चाचणी पुन्हा करावी.

तिसरी गंमत देवनागरीची. वर्डप्रेस पानाच्या पत्त्यातला नावाचा भाग २०० अक्षरांपुरता ठेवतं. रोमन लिपीला ते भरपूर आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांत लिहिलं जातं. म्हणजे बाविसेक चिन्हांत खेळ खलास. वस्तूचं नाव ‘देवगड हापूस आंबा एक डझन पेटी’ असेल, तर पत्त्यात ‘पेटी’तला ‘टी’ मावत नाही, ‘पे’वरच तो तुटतो. पान उघडतं, बिघडत काही नाही. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेला लांबलचक पत्ता बघून एखादं गिऱ्हाईक बिचकतं. पत्ता रोमनमध्ये आखूड ठेवावा, नाव मराठीत खुशाल पूर्ण लिहावं.

देखभालीचा विषय निघाला की लोक बॅकअपचं नाव घेतात, आणि बॅकअप असतोही. दुकानाचा बॅकअप मात्र साध्या वेबसाइटपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. लेखांच्या साइटवर कालचा बॅकअप परत चढवला तर फार तर आजचा एक लेख जातो. दुकानावर कालचा चढवला तर आज सकाळपासूनच्या ऑर्डरी पुसल्या जातात. पैसे गेटवेकडे जमा आहेत आणि कुणी काय मागवलं होतं ते ठाऊक नाही. हाच घोळ चाचणीच्या प्रतीबाबत होतो. दुकानाची एक प्रतिकृती करून तिच्यावर अपडेट आधी चढवून बघणं ही उत्तम सवय. पण तिथे सगळं ठीक दिसल्यावर प्रतिकृतीच उचलून खऱ्या दुकानावर ठेवली, तर दरम्यान आलेल्या ऑर्डरी तिच्याखाली गाडल्या जातात. अनेक होस्टिंग कंपन्या ‘एका क्लिकमध्ये लाइव्ह करा’ असं बटण देतात. दुकानवाल्याने ते न दाबलेलंच बरं. प्रतिकृतीवर जे केलं तेच खऱ्या दुकानावर पुन्हा करायचं, डेटाबेस कधीच उलट न्यायचा नाही. आणि बॅकअप फाइली आणि डेटाबेस असा वेगवेगळा ठेवावा: अपडेटने फाइली बिघडल्या तर फाइलीच परत आणता येतात, ऑर्डरींना धक्का लागत नाही.

कमी वर्दळीच्या दुकानात आणखी एक लपलेली गोष्ट असते. वर्डप्रेसची वेळेवर करायची कामं, म्हणजे सवलत संपवणं, न भरलेल्या ऑर्डरी रद्द करणं, काही ईमेल पाठवणं, ही घड्याळावर चालत नाहीत. कुणी साइटवर आलं की ती चाळवली जातात. रात्री कुणी आलंच नाही तर बारा वाजता संपणारी सवलत सकाळच्या पहिल्या पाहुण्यापर्यंत रेंगाळते. सर्व्हरचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, लावून घेतलं की हे मिटतं. तसंच कॅशिंगचं: पानं झटपट उघडावीत म्हणून त्यांच्या तयार प्रती साठवणारं प्लगइन लावलं, तर कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं त्यातून वगळावीच लागतात. नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो.

सुरक्षेबद्दल दुकानदार म्हणतात, ‘कार्डाचे आकडे आमच्याकडे नसतातच.’ खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला कार्डाचे आकडे साठवता येत नाहीत, त्यांच्या जागी टोकन वापरलं जातं. चोर मात्र साठवलेल्या आकड्यांच्या मागे नसतोच, टाइप होणाऱ्या आकड्यांच्या मागे असतो. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरची मॉडर्नायझर ही साधी ओपन सोर्स स्क्रिप्ट बदलून तिच्यात अवघ्या बावीस ओळी घातल्या गेल्या. कार्डाची माहिती भरली जात असतानाच ती बाहेर पाठवली जाई. कंपनीला पुढे दोन कोटी पौंडांचा दंड झाला. तुमचं पेमेंट गेटवेच्या पानावर होत असलं, तरी शिरलेली स्क्रिप्ट तुमच्याच चेकआउटवर कार्डाचा खोटा फॉर्म दाखवू शकते. म्हणून खरा पहारा हवा तो दुकानात कुणाचा कोड चालतो यावर.

इथे प्लगइनांची संख्या आड येते. प्रत्येक प्लगइन म्हणजे दुकानाची किल्ली असलेला आणखी एक माणूस. एप्रिल २०२५ मध्ये मजेंटोच्या एकवीस एक्स्टेन्शनांत एक चोरदार उघड झालं. ते तब्बल सहा वर्षं आधी बसवून ठेवलेलं होतं आणि तेव्हा कुठे वापरात आलं. ती एक्स्टेन्शनं रीतसर विकत घेतलेली होती. मग विकत मिळणारी प्लगइनं ‘नल्ड’ म्हणून फुकट वाटणाऱ्या साइट्सबद्दल काय बोलावं! त्या वाटणाऱ्याला त्यातून काय मिळतं, एवढा एक विचार केला तरी पुरे. बंद ठेवलेली प्लगइनंही सर्व्हरवर पडून असतात आणि त्यांच्यातल्या फटी तशाच उघड्या. नको असलेलं नुसतं बंद करू नये, काढून टाकावं. घात झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तो कळल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. स्वस्त होस्टिंगवर आठवड्याभरापलीकडच्या नोंदी क्वचितच राहतात, हे आधीच विचारून ठेवावं.

खर्चाचं गणित लोक उलटं मांडतात. सॉफ्टवेअर फुकट म्हणून बांधणीवर पैसे घालतात आणि देखभालीसाठी काहीच बाजूला ठेवत नाहीत. महिन्याला काही तास देणारा ठरावीक माणूस, त्याला ठरलेले पैसे, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. आणि तो माणूस कितीही विश्वासू असला, भाचा असला तरी, डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे आणि ज्या ईमेलवर पासवर्ड बदलण्याचे निरोप येतात तो ईमेल, ही चारही खाती दुकानमालकाच्या नावावर आणि त्याच्या फोन नंबरवर असावीत. कोड तर मोकळाच आहे, कुणीही पुढे नेईल. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असलं तर सगळंच अडतं.

राहता राहिला अपडेट कधी चढवायचे हा प्रश्न. वूकॉमर्ससारख्या सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवृत्त्या वर्षभर येत राहतात आणि कधीकधी त्या चांगलंच हलवून टाकतात. नोव्हेंबर २०२३ मधल्या ८.३ पासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउट ‘ब्लॉक’ पद्धतीचे झाले, आणि जुन्या चेकआउटच्या खुंट्यांना अडकवलेली अनेक प्लगइनं तिथे लागू पडेनाशी झाली. असलं काही भर हंगामात अंगावर घेऊ नये. हापूसवाल्याचं दुकान मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत जसं आहे तसं ठेवावं. मोठ्या आवृत्त्या, पीएचपी बदल, नवी थीम हे सगळं जून-जुलैत, पेट्या संपल्यावर. फराळ आणि दिवाळी अंक विकणाऱ्याने ही कामं श्रावणाच्या आत उरकावीत, कारण परदेशी पाठवायच्या पार्सलांची धांदल गणपती उठले की सुरू होते. सुरक्षेचा पॅच मात्र याला अपवाद. तो धनत्रयोदशीच्या दिवशी आला तरी त्याच दिवशी चढवायचा: आधी प्रतिकृतीवर, मग खऱ्या दुकानावर, मग दहा रुपयांची यूपीआय चाचणी.